एक्मोवरचा गार पाय: एका रात्रीचं प्रकरण

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूतलं आहे. मी तिथे इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे अतिदक्षता विभागाची डॉक्टर आहे आणि त्या दिवशी एक्मोच्या (हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं शरीराबाहेर करणाऱ्या यंत्राच्या) चमूत मीच ज्येष्ठ होते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही वेळा थोड्या बदलल्या आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच सांगते. लिहिण्याला रुग्णाची आणि तिच्या नवऱ्याची संमती आहे.

पार्श्वभूमी

एप्रिलचा शेवट. बीड जिल्ह्यातलं एक कोरडवाहू गाव. रब्बीची ज्वारी आणि गहू घरात येऊन पडलेला. कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्पीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून वरून ताडपत्री टाकलेली. या गोळ्या सर्वसामान्य ग्राहकाला विकायच्या नाहीत असा नियम आहे, तरी त्या घरात पोहोचल्या होत्या. उन्हाळ्यात हे घर अंगणात झोपतं. त्या रात्री अवकाळी आला, अंथरुणं गुंडाळून सगळे आत पळाले आणि आमची रुग्ण, २८ वर्षांची, थप्पीला लागूनच जमिनीवर झोपली. तिचा चार वर्षांचा मुलगा त्या आठवड्यात मावशीकडे गेला होता. ही गोष्ट आठवली की अजून हायसं वाटतं.

दमट हवा लागली की या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून साधारण १ ग्रॅम. तो हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच तो बंद पाडतो, आणि त्याचा मोठा मार हृदयाच्या स्नायूला बसतो. त्याच्यावर उतारा नाही. जमेची बाजू एकच: हा स्नायू बरेचदा मरत नाही, बधिर होतो, आणि रुग्ण पहिले तीन-चार दिवस तगला तर पुन्हा चालू लागतो. तेवढे दिवस हृदयाचं काम बाहेरच्या पंपाकडून करून घ्यायचं, हा एक्मोमागचा विचार.

पहाटे तीनला उलट्या आणि छातीत कोंडल्यासारखं. पाचला ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी वास ओळखला, सलाईन आणि रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनालिन लावलं आणि एक तास न दवडता गाडी काढून दिली. गेवराई, शहागड, पाचोड करत ती आमच्याकडे सव्वाअकराला पोहोचली. सासूबाईंना नुसती मळमळ होती, त्या दोन दिवसांत घरी गेल्या.

आली तेव्हा रक्तदाब ६४/४०, तोही दोन औषधांवर. रक्ताचा पीएच ७.०८, म्हणजे रक्त फार आम्लधर्मी; पेशींना रक्त कमी पडलं की वाढणारं लॅक्टेट १३. इकोवर हृदयाची पंपिंग क्षमता १५ टक्के. इको चालू असतानाच ठोके बिघडले, दोनदा शॉक द्यावा लागला. एक्मोचा निर्णय घ्यायला आम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि तो बरोबर होता. या लेखाचा विषय तो नाही. त्याच्या पुढच्या काही तासांत जे झालं, ते आहे.

पंप सुरू करताना

हृदयासाठीच्या एक्मोत जांघेतल्या शिरेतून रक्त बाहेर घेतात, पंप आणि ऑक्सिजनेटरमधून फिरवतात आणि जांघेतल्या धमनीतून परत आत सोडतात. धमनीतल्या कॅन्युलाचं (जाड नळीचं) तोंड वर, हृदयाकडे असतं. खाली पायाकडे जाणारं रक्त कॅन्युलाच्या कडेने जेवढं झिरपेल आणि आडवाटांनी जेवढं पोहोचेल तेवढंच. धमनी बारीक आणि कॅन्युला जाड असली की कडेला जागाच उरत नाही. म्हणून कॅन्युलाच्या खालच्या बाजूला, पायाच्या दिशेने, शीथ नावाची एक बारीक नळी घालून तिला पंपाचंच रक्त जोडून देतात. आम्ही तिला बोलताना 'पायाची लाइन' म्हणतो.

आमची रुग्ण ४४ किलोची, उंची १५० सेंटिमीटर. सोनोग्राफीवर उजवी धमनी ६ मिलिमीटरची दिसत होती. फ्रेंच मापात ३ म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे १७ फ्रेंचची कॅन्युला जवळजवळ पावणेसहा मिलिमीटर. हा हिशोब कुठल्याही रेसिडेंटला तोंडी येतो. तरी आम्ही १७ चीच घातली. कपाटात १५ ची एक होती, पण ट्रॉलीवर १७ ची उघडून ठेवलेली होती आणि मॉनिटरवरचे ठोके पुन्हा वेडेवाकडे व्हायला लागले होते. तिच्या अंगकाठीला मिनिटाला सव्वातीन लिटरच्या आसपास प्रवाह पुरला असता आणि तो १५ मधूनही मिळाला असता. शिरेची कॅन्युला मात्र डाव्या जांघेत घातली. एकाच पायात दोन्ही घातल्या तर रक्त येणंही अडतं आणि जाणंही, एवढं भान होतं.

१२:४० ला पंप सुरू झाला. लगेच पायाची लाइन घालायचा प्रयत्न केला. धमनी आकसलेली, औषधांनी आणखी घट्ट झालेली. पहिल्या खेपेला सुई गेली पण वायर सरकेना. दुसऱ्या खेपेला रक्तगाठ फुगायला लागली. तेवढ्यात तिसऱ्यांदा शॉक द्यावा लागला. सर्जन म्हणाले, "आता थांबू. जरा स्थिर झाली की घालू." मी होकार दिला.

'जरा स्थिर झाली की' म्हणजे किती वाजता, हे दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. कागदावर लिहिलंही नाही.

अडचण

अडीचला रुग्ण आयसीयूत आली. उजव्या घोट्यामागे डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) बारीक आवाज येत होता. चारलाही होता. त्यानंतर डॉपलरची नोंद नाही.

तेव्हा आमच्याकडे प्रकाशकिरणांनी पेशींतला ऑक्सिजन मोजणारं एनआयआरएसचं एकच यंत्र होतं, दोन पट्ट्यांचं. दोन्ही पट्ट्या कपाळावर लावल्या होत्या. तीन वेळा शॉक खाल्लेल्या रुग्णाच्या मेंदूची काळजी वाटणं चूक नव्हे. पण एक पट्टी कपाळावर आणि एक उजव्या पोटरीवर, असंही करता आलं असतं. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अशा रुग्णाचा पाय स्वतःहून काही सांगत नाही. एरवी पायाचं रक्त तुटलं की माणूस कळवळतो. इथे रुग्ण झोपेच्या औषधांवर. एरवी नाडी हाताला लागत नाही म्हणून शंका येते. इथे पंपाचा प्रवाह सलग, नाडी तशीही नसतेच, आणि पायाच्या बोटाला लावलेलं ऑक्सिमीटरही त्यामुळे आकडा दाखवत नाही. उरतो रंग, स्पर्श, पोटरीचा ताठरपणा आणि डॉपलर. हे सगळं पांघरुणाखाली असतं. आमच्या रुग्णाचं अंग ३४ अंशांवर आलं होतं, म्हणून तिच्यावर गरम हवेचं पांघरूण गळ्यापासून पायापर्यंत घातलेलं होतं.

सहाच्या राउंडला मी स्वतः हात घातला. दोन्ही पाय गार. नॉरॲड्रेनालिन ०.४ वर चालू होतं. मी म्हटलं, औषधामुळे असेल. दोन्ही गार आहेत हे खरं होतं, पण कोणता जास्त गार हे मी पाहिलं नाही. डॉपलर पलंगाच्या बाजूलाच टांगलेला होता. त्या वेळी माझं लक्ष लॅक्टेटवर होतं. ते १३ वरून ८ वर आलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता.

पावणेदहाला रात्रपाळीच्या सिस्टरनी चादर बदलताना पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी उघडे पडल्यावर फरक लगेच दिसला: उजवा तळवा मेणासारखा, बोटांशी निळसर डाग. त्यांनी डॉपलर लावला. डावीकडे आवाज, उजवीकडे शांतता. जेल बदलून, जागा बदलून पुन्हा लावला. मग कुणाच्या परवानगीची वाट न पाहता कपाळावरच्या पट्ट्या काढून दोन्ही पोटऱ्यांवर लावल्या आणि मला फोन केला. डावी ६२, उजवी ३४. दोन पायांत पंधरा-वीसचा फरकही धोक्याचा मानतात. इथे २८ चा होता.

म्हणजे रक्त चारनंतर केव्हातरी थांबलं. स्नायू रक्ताविना साधारण चार ते सहा तास तग धरतो. आम्ही त्या हद्दीच्या आत होतो की बाहेर, हे सांगायला नोंद नव्हती.

कोणते पर्याय होते

पलंगाभोवती उभं राहूनच बोलणं झालं. एक्मो काढणं हा पर्याय नव्हता, हृदय अजून २० टक्क्यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. औषध कमी करून, रक्त गोठू न देणारं हेपरिन वाढवून दोन तास वाट पाहायची, असं एक मत होतं. मी ते साफ नाकारलं, कारण दोन तास आमच्याकडे शिल्लक आहेत असं मानायला आधारच नव्हता. पुण्या-मुंबईला हलवावं का, हेही कुणीतरी विचारलं. पंपासकट एवढा प्रवास, आणि पायाला त्याचा काहीच उपयोग नाही.

खरी निवड तीन गोष्टींत होती. सोनोग्राफी पाहत पुन्हा सुईने लाइन घालणं: लवकर होणारं काम, पण दुपारी दोनदा फसलेलं आणि आता तिथे रक्तगाठ. दुसरं, कॅन्युला या पायातून काढून काखेजवळच्या धमनीला कापडी ग्राफ्ट शिवून तिथून रक्त देणं. पायासाठी उत्तम, पण ऑपरेशन थिएटर, दीड-दोन तास आणि मोठी जखम. तिसरं, जांघेत छेद देऊन धमनी डोळ्यांनी पाहत गाठ काढायची आणि तिथेच शीथ घालायची. हे पलंगावर करता येतं. जखम होते, हेपरिनवर रक्त वाहतं, जंतुसंसर्गाची भीती असते. पण वायर कुठे जाते हे अंदाजाने ठरवावं लागत नाही, आणि वाटेत गाठ असेल तर ती काढता येते.

शहरातल्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना फोनवर आकडे सांगितले. ते म्हणाले, "छेद द्यायची तयारी ठेवा, मी निघतो."

नातेवाइकांशी बोलणं

याला वेगळं शीर्षक देते, कारण त्या रात्रीचा हा भाग मला सगळ्यात जड गेला. बाहेर बाकावर नवरा आणि तिचे वडील बसले होते. पायाचं ऑपरेशन करावं लागेल, पोटरीचा स्नायू किंवा पायही जाऊ शकतो, असं मी सांगितलं. नवरा नुसता बघत राहिला. वडील म्हणाले, "मॅडम, सकाळी तुम्ही काळजाचं म्हनत व्हता. आता ह्ये पायाचं कामून निघालं?"

प्रश्न रास्त होता. सकाळच्या संमतिपत्रात 'रक्तपुरवठ्याशी संबंधित गुंतागुंत' असा एक शब्दप्रयोग होता. मराठीतच होता, तरी त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. पाय हा शब्द मी सकाळी एकदाही उच्चारला नव्हता. मी त्यांना नळी कुठून कशी जाते ते कागदावर काढून दाखवलं, आणि हेही सांगितलं की दुपारी पायाची लाइन बसली नाही, ती नंतर घालायची राहून गेली. वडिलांनी कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "करा मंग. उशीर नका करू."

काय केलं

१०:५० ला छेद. धमनीत कॅन्युलाच्या खाली बोटभर लांबीची ताजी गाठ होती, फोगार्टी फुग्याने (टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने) निघाली. ६ फ्रेंचची शीथ पायाच्या दिशेने घालून कॅन्युलाच्या बाजूच्या तोटीला आखूड नळीने जोडली. प्रवाह सोडण्याआधी कॅल्शियम, इन्सुलिन-ग्लुकोज भरून ठेवलं होतं, कारण उपाशी स्नायूत साचलेलं पोटॅशियम एकदम हृदयाकडे धावतं. ५.१ वरून ५.९ झालं, तिथेच थांबलं. ११:२५ ला शीथमधून मिनिटाला १८० मिलिलिटर रक्त जात होतं. किमान १०० तरी हवं असतं. वीस मिनिटांत पोटरीवरचा आकडा ३४ वरून ५५ झाला. डॉपलरला आवाज आला तेव्हा सिस्टरनी तो मोठा करून सगळ्यांना ऐकवला.

काम इथे संपलं नाही. रक्त परत आलं की सुजलेला स्नायू आपल्याच आवरणात कोंडतो. एकच्या सुमाराला पोटरी लाकडासारखी लागायला लागली. रुग्ण बोलत नाही, म्हणून दाब मोजला: पोटरीचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात, त्यांतल्या पुढच्या कप्प्यात ४२. नाडी नसल्यामुळे आम्ही सरासरी रक्तदाब धरला, तो ६४. फरक २२, आणि ३० च्या खाली आला की वाट पाहायची नसते. दुसरीकडे हेपरिनवरच्या रुग्णाच्या पोटरीला दोन लांब छेद देणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. हेपरिन बंद करावं तर गाठ सगळ्यात आधी त्या नव्या बारीक शीथमध्येच होणार.

आम्ही मधला मार्ग काढला. हेपरिन थांबवलं, पंपाचा प्रवाह तीन लिटरच्या वर ठेवला, शीथचा प्रवाह दर पंधरा मिनिटांनी मोजायला एक पर्फ्युजनिस्ट (पंप सांभाळणारा तंत्रज्ञ) तिथेच बसवला आणि पहाटे दोनला चारही कप्पे मोकळे केले. पुढच्या कप्प्यातला स्नायू काळपट होता, पण चिमट्याला आकसत होता. तो तसाच ठेवला. दहा तास हेपरिनशिवाय काढले, रक्ताच्या सहा पिशव्या लागल्या. लघवी चहासारखी झाली, स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके २४,००० वर गेलं, तीन दिवस एक्मोच्या सर्किटलाच डायलिसिस जोडावं लागलं.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी हृदय ४५ टक्क्यांवर आलं. पाचव्या दिवशी थिएटरमध्ये धमनी उघडून, तपासून, शिवून एक्मो काढला. पोटरीची एक जखम अकराव्या दिवशी टाके घालून बंद झाली, दुसरीला कातडी लावावी लागली. किडन्या सावरल्या. सव्विसाव्या दिवशी ती घरी गेली.

पाय राहिला, पण पूर्वीसारखा नाही. तीन महिन्यांनी ती घोट्याला पट्टा लावून चालत होती. पाऊल वर उचलायची ताकद कमी आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यामध्ये बधिरपणा, म्हणजे पुढच्या कप्प्यातून जाणाऱ्या नसेला (मज्जातंतूला) मार बसलेला. सहा महिन्यांनी पट्टा बहुतेक सुटला होता. "चालता येतंय," ती म्हणाली, "पन खुरपायला बसलं की पाय मरतो. उठताना कुनाला तरी हात द्यावा लागतो." ज्या घराचं निम्मं काम बसून, वाकून होतं, तिथे हे नुकसान लहान नाही. हृदय वाचलं म्हणून ते माझ्या हिशोबातून वजा होत नाही.

आज हेच प्रकरण आलं तर

धमनी मोजायची आणि मग कॅन्युला उघडायची, हा क्रम आता आम्ही सोडत नाही. लहान चणीच्या बाईला १५ पुरते, प्रवाह कमी पडतोय असं दिसलं तर पुढचं पाहता येतं. १५ च्या दोन कॅन्युला कायम ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असतात.

पायाची लाइन हे कॅन्युला घालण्याच्या कामाचाच भाग धरतो. एक्मोच्या जागतिक संघटनेचा, एल्सोचा कलही ती सुरुवातीलाच घालण्याकडे आहे. नाहीच बसली तर फळ्यावर मोठ्या अक्षरात वेळ लिहितो: इतक्या वाजेपर्यंत सुईने, नाही तर छेद देऊन. शक्य तिथे मी क्रम उलटाही सुचवते: आधी पायाच्या दिशेची वायर घालून ठेवायची, मग मोठी कॅन्युला. कॅन्युला आत गेल्यावर आकसलेल्या धमनीत सुई लावण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं पडतं.

गरम पांघरूण आता गुडघ्यापर्यंतच. दोन्ही पाय उघडे, दर तासाला दोन्हींचा रंग, स्पर्श, पोटरी, डॉपलर, आणि नोंदीच्या तक्त्यात उजवा-डावा असे वेगळे रकाने. आधी तिथे 'पाय' असा एकच रकाना होता. त्या दिवशी आठ वाजता त्यात 'गार' लिहिलेलं मला नंतर सापडलं. लिहिणाऱ्या सिस्टरनी आपलं काम केलं होतं. डावा-उजवा लिहायला आम्ही जागाच दिली नव्हती. एनआयआरएसचं चार पट्ट्यांचं यंत्र आलं आहे, आणि पोटरीचा पहिला आकडा पंप सुरू व्हायच्या आधी घेतो, नाही तर नंतरचा कशाशी ताडायचा?

संमती घेताना मी जांघेवर बोट ठेवून सांगते: इथून नळी जाणार, त्यामुळे पायाचं रक्त तुटू शकतं, आम्ही त्यासाठी अमुक करणार आहोत, तरी पाय दुखावू शकतो. दोन मिनिटं लागतात.

पोटरी मोकळी करण्याबद्दल मात्र मन पूर्ण निःशंक नाही. रक्तप्रवाह साडेअकराला परत आला, छेद दोनला दिले. कित्येक तास उपाशी राहिलेला स्नायू सुजणार हे तेव्हाच दिसत होतं. मग लाइन घालतानाच, दाब वाढायच्या आधीच पोटरी मोकळी करायला हवी होती का? व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात, हो, ती नस कदाचित वाचली असती. आमचे कार्डियाक सर्जन म्हणतात, त्या क्षणी हेपरिन अंगात पूर्ण भिनलेलं होतं आणि ती रक्तस्रावाने गेली असती. दोघांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलं आहे, त्या रात्रीचे कागदही दोघांपुढे ठेवले आहेत. आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.